जुन्या गाडीची पॅकिंग, गॅस्केट आणि सील स्वतः बनवताना: कुठे काय चालतं, कुठे नाही

टॅपेट (धागाकर्ता)

१९६०च्या दशकातल्या चार सिलिंडरच्या पेट्रोल गाडीचं इंजिन पूर्ण उघडलं आहे. तयार गॅस्केट सेट मिळत नाही, त्यामुळे बरीचशी पॅकिंग कापावी लागणार. बाकी असलेली ठिकाणं: पाण्याचा पंप, थर्मोस्टॅटचं झाकण, टायमिंग कव्हर, ऑइल चेंबर, टॅपेट कव्हर, पेट्रोल पंप, कार्बोरेटर, क्रँकच्या मागचं दोरीचं सील, आणि शेवटी दारं व काचांची रबरं. हाताशी ०.५ आणि ०.८ मिमी ऑइल-पेपर, ३ मिमी कॉर्क शीट, १.५ मिमी नायट्राइल शीट आणि सिलिकॉनच्या ट्यूब आहेत. कुठे काय वापरावं आणि जाडी कशी ठरवावी, हे जाणकारांनी सांगावं.

खराद

जुनी पॅकिंग खरवडून फेकायच्या आधी एक काम करा. प्रत्येकीचा जेवढा तुकडा शाबूत निघेल तेवढा वेगळ्या पिशवीत ठेवून वर जागेचं नाव लिहा. मग बोल्टच्या छिद्राजवळ, जिथे ती चांगली दाबली गेली आहे तिथली जाडी मायक्रोमीटरने मोजा. व्हर्नियरची धार मऊ कागदात रुतते आणि माप कमी येतं. हे माप दाबलेल्या पॅकिंगचं आहे, तेव्हा नवा कागद त्याहून किंचित जाड घ्यायचा.

जाडीला एवढं महत्त्व देण्याचं कारण असं की बऱ्याच ठिकाणी पॅकिंग फक्त गळती थांबवत नाही, ती दोन भागांमधलं अंतर ठरवते. गिअरच्या ऑइल पंपाचं झाकण घ्या. तिथे गिअरचा माथा आणि झाकण यांत साधारण ०.०५ ते ०.१० मिमी फट हवी असते. काही पंपांना मुळात पॅकिंगच नसते. तिथे ०.५ मिमी कागद घातला तर थंड इंजिनात सगळं ठीक दिसतं, पण तेल गरम होऊन पातळ झालं की आयडलला (इंजिन नुसतं मंद चालू असताना) प्रेशर पडतं आणि आपण बेअरिंगवर संशय घेत बसतो.

स्टिअरिंग बॉक्सच्या टोकाच्या झाकणाखालचे कागद हे शिमच, म्हणजे अंतर जुळवायच्या पातळ चकत्याच असतात, त्यांच्यावर शाफ्टची मागेपुढे होणारी हालचाल ठरते. मेकॅनिकल पेट्रोल पंपाखालचा फायबरचा ठोकळा आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे कागद मिळून लिव्हरचा स्ट्रोक ठरतो. जाडी वाढली तर पेट्रोल कमी चढतं, कमी झाली तर कॅम लिव्हरला गरजेपेक्षा जास्त ढकलतो आणि लिव्हर किंवा डायफ्राम तुटतो. पाण्याच्या पंपात इंपेलर आणि मागच्या भिंतीतलं अंतरही कागदावर अवलंबून असतं.

थर्मोस्टॅटचं झाकण आणि टॅपेट कव्हर यांना हा प्रश्न नाही. टायमिंग कव्हरचं वेगळं आहे: त्याचा खालचा काठ आणि ब्लॉकचा काठ एका पातळीत यायला हवा, कारण दोन्हींखाली चेंबरची एकच पॅकिंग बसते. बोल्ट आवळण्यापूर्वी पुली आत सरकवून कव्हर तिच्यावर मध्यभागी आणा, मगच आवळा. नाहीतर सील एका बाजूने दाबलं जातं आणि नवीन असूनही गळतं.

अजून एक, आणि हे सगळ्यात आधी वाचा. त्या काळातल्या हेड, एक्झॉस्ट आणि कार्बोरेटरखालच्या गॅस्केटमध्ये अॅस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता असते. ती पाण्याने भिजवून, ओली ठेवूनच पट्टीने काढायची. वायर ब्रश, ग्राइंडर, कोरडा पॉलिश पेपर, हवेचा झोत यांपैकी काहीही नको. साधा कापडी मास्क इथे उपयोगाचा नाही, सूक्ष्म तंतू अडवणारा हवा. कचरा ओला असतानाच दोन पिशव्यांत बंद करायचा.

फिलरगेज

कापण्याच्या पद्धतीबद्दल.

कागद भागावर ठेवून कडेने हातोडीने ठोकत कापायची जुनी रीत बिडाच्या ब्लॉकवर एक वेळ चालेल. अॅल्युमिनियमवर आणि कार्बोरेटरच्या मिश्रधातूवर ती अजिबात नको. प्रत्येक ठोक्याने कड थोडी गोल होते, आणि सील व्हायची जागा नेमकी तीच कड असते. त्याऐवजी भागाच्या तोंडावर बोटाने अगदी पातळ ग्रीस किंवा शाई फिरवा, कागद एकदाच सरळ खाली ठेवा, वरून दाबा आणि न सरकवता उचला. छाप स्वच्छ येतो. सुटा, सपाट भाग असेल तर फ्लॅटबेड स्कॅनरवर पट्टीसोबत स्कॅन करून १:१ प्रिंट काढता येते. मात्र प्रिंटवरची पट्टी खऱ्या पट्टीशी जुळते का ते उभं आणि आडवं दोन्हीकडे तपासा. एका दिशेने एक टक्का फरक असला तरी लांब चेंबरच्या शेवटच्या बोल्टला छिद्र चुकतं.

क्रम असा ठेवा: आधी बोल्टची छिद्रं, मग आतले मार्ग, बाहेरची कड सगळ्यात शेवटी. बाहेरचा कागद शिल्लक असतो तोवर तुकडा ताठ राहतो. छिद्रांसाठी पोकळ पंच वापरा, बोल्टपेक्षा ०.५ ते १ मिमी मोठा. खाली लाकडाचा उभ्या रेषांचा, म्हणजे ओंडक्याच्या कापलेल्या तोंडाचा ठोकळा किंवा जाड प्लास्टिक ठेवा. छिद्र ब्लेडने चौकोनी कापलं की कोपऱ्यातून चीर जाते. दोन लांबची छिद्रं आधी पाडून त्यांत बोल्ट अडकवा, कागद ताणून बसवा आणि मग बाकीची खूण करा.

जुन्या पॅकिंगवरून गिरवणार असाल तर सावध. वाळलेला कॉर्क आणि कागद आकसतो. लांब तुकड्यात हा फरक सहज काही मिमी होतो. म्हणून माप नेहमी धातूवरून घ्यायचं, जुन्या पॅकिंगवरून फक्त मार्ग कुठले आहेत ते पाहायचं. तेलाचं एखादं छोटं भोक कागदाने झाकलं गेलं तर रॉकर शाफ्ट कोरडा पडतो, हे विसरू नका.

नितळ

कापण्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे कशाला काय चालतं. रबर दिसायला सगळं काळंच, पण स्वभाव एकमेकांच्या विरुद्ध.

नायट्राइल: इंजिन ऑइल, ग्रीस, साधं पेट्रोल यांना चांगलं, साधारण १०० अंशांपर्यंत निर्धास्त. ऊन आणि ओझोन सोसत नाही, म्हणून दारांना लावू नका. ग्लायकोल जातीच्या ब्रेक ऑइलमध्येही नको.

ईपीडीएम: बरोबर उलटं. कूलंट, वाफ, ऊन, पाऊस आणि डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक ऑइल यांना उत्तम. पेट्रोल किंवा इंजिन ऑइल लागलं की फुगून लिबलिबीत होतं.

व्हिटॉन: पेट्रोल, तेल आणि २०० अंशांच्या आसपासची उष्णता. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल वापरणार असाल तर कार्बोरेटर आणि पेट्रोल पंपाच्या ओ-रिंग याच्याच घ्या. ब्रेक ऑइलला हे चालत नाही.

टायरच्या ट्यूबचं ब्युटाइल रबर: बॉडी आणि चेसिसमधल्या गाद्यांसाठी ठीक. तेल-पेट्रोलाजवळ नको.

हाताशी असलेलं शीट नक्की कसलं, ते विकणाऱ्याच्या शब्दावर सोडू नका. २० मिमीचा चौकोन कापा, जाडी आणि लांबी मोजा, ज्या द्रवात वापरायचा त्याच द्रवात झाकणबंद बरणीत तीन दिवस ठेवा, काढून लगेच परत मोजा. थोडीशी वाढ चालते. कड वळली, पृष्ठभाग चिकट झाला किंवा द्रव काळा पडला तर ते शीट बाद. पेट्रोलाची बरणी अर्थातच घराबाहेर, सावलीत आणि ज्वाळेपासून लांब.

आणि ब्रेक. मास्टर सिलिंडरचे कप, व्हील सिलिंडरचे कप, कॅलिपरचं चौकोनी सील यांना घरगुती पर्याय नाही. कॅलिपरचं सील फक्त गळती थांबवत नाही, ब्रेक सोडल्यावर पिस्टन किंचित मागे ओढण्याचं कामही तेच करतं. ते त्याच्या खोबणीच्या आकारावर आणि रबराच्या ताठपणावर चालतं. मापाने दुसऱ्या गाडीचा कप जुळला तर वापरा, पण तो ब्रेकसाठीच बनवलेला असायला हवा. बसवताना ब्रेक ऑइल किंवा लाल रबर-ग्रीस, साधं ग्रीस कधीही नाही.

उघडझाप

एवढं सगळं कापत बसण्यापेक्षा चेंबर, टॅपेट कव्हर, टायमिंग कव्हर सगळीकडे सिलिकॉन लावून मोकळं का होऊ नये? आजकाल बऱ्याच इंजिनांत कारखान्यातूनच तसं येतं.

खराद

कारखान्यातून येतं, पण ती तोंडं त्यासाठीच घडवलेली असतात: जाड, ताठ, यंत्रावर सपाट केलेली. जुन्या गाडीचं चेंबर पातळ दाबलेल्या पत्र्याचं असतं आणि त्याचा काठ ३ मिमी कॉर्क गृहीत धरून बनवलेला असतो. कॉर्क काढला की टोकाच्या अर्धवर्तुळात तेवढी फट उरते.

कॉर्क ठेवून त्याच्या दोन्ही बाजूंना भरपूर सिलिकॉन थापणं तर त्याहून वाईट. ओलं सिलिकॉन बुळबुळीत असतं, बोल्ट आवळला की कॉर्क बोल्टांच्या मध्ये बाहेर सरकतो. चिकटवायचाच असेल तर फक्त चेंबरच्या बाजूला पातळ गॅस्केट सिमेंट लावा, वाळू द्या, ब्लॉकची बाजू कोरडी ठेवा. कॉर्क जिथे रबराच्या अर्धगोल पट्टीला भेटतो त्या चार कोपऱ्यांत मात्र मटाराएवढं सिलिकॉन हवंच.

त्याआधी पत्रा सरळ करा. मागच्या कुणीतरी जास्त आवळल्याने प्रत्येक बोल्टच्या छिद्राभोवती पत्रा वर उचललेला असतो. सगळा दाब तिथेच पडतो आणि दोन बोल्टांच्या मध्ये फट राहते. काठ कठीण लाकडावर किंवा ऐरणीवर उलटा ठेवून छोट्या हातोडीने छिद्राभोवती हलके ठोके द्या, पट्टी आणि फिलर गेज लावून पाहत राहा. चेंबरच्या गळतीचं खरं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

आवळताना मधून सुरू करून आळीपाळीने दोन्ही टोकांकडे जा. ६ मिमी बोल्टला कॉर्कवर ५ ते ७ न्यूटन-मीटर पुरे. कॉर्क किंचित फुगून कडेला दिसला की थांबा. फाटेपर्यंत आवळलेला कॉर्क त्याच दिवशी गळत नाही, गरम-थंड होऊन आठवड्याने गळतो. मोठे, जाड वॉशर दाब पसरवतात, ते जरूर घाला. शीट वाळून कडक झालं असेल तर कापण्यापूर्वी कोमट पाण्यात भिजवा, मऊ पडतं आणि मोडत नाही.

सिलिकॉनला माझा विरोध नाही, जागा चुकीची असते. २ ते ३ मिमीची अखंड रेघ, बोल्टच्या छिद्राला आतल्या बाजूने वळसा घालून, बोटाने लागेल इतकंच आवळून ठेवायचं आणि कातडी धरल्यावर पूर्ण आवळायचं. हवेतल्या दमटपणावर ते पिकतं, तेव्हा तेल भरायला एक दिवस थांबा. आत पिळून निघालेले जादा तुकडे सुटून ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतात, म्हणून रेघ जाड काढण्यात काहीच शहाणपण नाही. आंबट वास येणारं घरगुती सिलिकॉन गंज धरवतं, ते गाडीच्या कुठल्याच भागाला लावू नका.

नितळ

आणि पेट्रोल जिथे लागतं तिथे कुठलंही सिलिकॉन नको. ते फुगून सुटतं आणि जेटमध्ये अडकतं. कार्बोरेटरला ०.२५ ते ०.५ मिमी कागद, कोरडा. झाकण वाकलेलं असेल तर काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून हलक्या हाताने सपाट करा. तसं न करता जाड कागद घातला तर स्क्रू आवळताना झाकण अजून वाकतं, शिवाय पॅकिंगची जाडी बदलली की फ्लोटची पातळीही बदलू शकते.

पेट्रोल पंपाचा डायफ्राम कापडाचा आधार असलेल्या पातळ नायट्राइल शीटचाच हवा. नुसतं रबर ताणून फाटतं. बसवताना स्क्रू सैल ठेवा, लिव्हर पूर्ण स्ट्रोकपर्यंत दाबून धरा आणि त्या स्थितीत कर्णाने आवळा. तसं केलं नाही तर डायफ्राम ढोलासारखा ताणलेला राहतो, अर्धाच हलतो आणि मधल्या छिद्राकडून फाटतो.

टॅपेट

कॉर्क आणि पंपाचं स्पष्ट झालं. हेड गॅस्केटचं काय? तांब्याचा पत्रा कापून चालेल का? तांब्याच्या जुन्या वॉशरही बऱ्याच आहेत.

फिलरगेज

वॉशर परत वापरता येतात. कमी उजेडात मंद लाल दिसेपर्यंत गरम करा, पाण्यात टाका किंवा तसंच थंड होऊ द्या, तांब्याला दोन्ही सारखंच. वरचा काळा थर बारीक पेपरने काढा. खोल वळ पडलेली किंवा पातळ झालेली वॉशर मात्र टाकून द्या.

हेडसाठी साधा कागद, कॉर्क किंवा नुसतं शीट यांचा विचारही करू नका, ज्वलनाचा दाब ते दोन मिनिटांत उडवेल. एक रस्ता म्हणजे नमुन्यावरून सिलिंडरभोवती धातूची कड असलेलं कॉम्पोझिट गॅस्केट बनवून घेणं, आणि माझ्या मते तोच बरा. दुसरा म्हणजे मऊ केलेला अखंड तांब्याचा पत्रा. तांबं ज्वलनाचा दाब चांगलं सांभाळतं, पाण्याच्या आणि तेलाच्या भोकांभोवती ते स्वतःहून सील होत नाही, तिथे सीलंट लागतं, आणि हेड-ब्लॉक दोन्ही खरोखर सपाट असावे लागतात.

जाडीचा हिशेबही करा. बोअर ७० मिमी आणि स्ट्रोक ६५ मिमी असेल तर एका सिलिंडरचं आकारमान २५० घनसेमी. कॉम्प्रेशनचं गुणोत्तर ७.५ असेल तर वरची जागा साधारण ३८.५ घनसेमी. गॅस्केट ०.५ मिमीने जाड झालं की त्यात सुमारे १.९ घनसेमी भर पडते आणि कॉम्प्रेशन ७.२ वर येतं. उलट, हेड आधीच घासून घेतलेलं असेल तर हीच जाडी उपयोगी पडते.

खराद

क्रँकच्या मागच्या दोरीबद्दल. ग्राफाइटची विणलेली दोरी, खोबणीच्या मापाची. ती नाही मिळाली तर त्याच मापाची ग्राफाइटची ग्लँड पॅकिंग (पंप-व्हॉल्व्हच्या दांड्याभोवती भरायची विणलेली दोरी) चालते. मेन बेअरिंगची फट दोरी बसवण्याआधीच मोजून घ्या, दोरी असताना प्लास्टिगेजचं (फटीत चेपून तिचं माप दाखवणारा मेणासारखा धागा) माप खोटं येतं. दोरी इंजिन ऑइलमध्ये चांगली मुरू द्या. दोन्ही टोकं खोबणीबाहेर राहतील अशी बसवून, शाफ्टच्या व्यासाच्या गुळगुळीत नळीने रगडून तळाला बसवा. धारदार ब्लेडने टोकं कापताना सुमारे ०.५ मिमी वर ठेवा, म्हणजे दोन अर्धे एकमेकांवर दाबले जातील. कॅप बसवताना एकही धागा दोन धातूंमध्ये अडकता कामा नये. तो अडकला तर कॅप पूर्ण बसत नाही आणि बेअरिंगची फटच बदलते.

फिरणाऱ्या शाफ्टच्या बाकी जागी साधी ऑइल सील मापावरून शोधा: शाफ्टचा व्यास, घराचा (सील ज्या भोकात बसतं त्याचा) व्यास, रुंदी, जसं ३५×५२×७ मिमी. इंची गाडीत घोळ होतो. २ इंची घर म्हणजे ५०.८ मिमी, त्यात ५० सैल आणि ५२ बसतच नाही. ठोकून बसवू नका, इंची सीलच शोधा किंवा खरादीकडून घर मोठं करून घ्या. शाफ्टवर जुन्या सीलच्या ओठाने (शाफ्टला टेकणाऱ्या कडेने) खोबण पाडली असेल तर नवं सील १-२ मिमी पुढे किंवा मागे बसवून ओठ कोऱ्या जागेवर आणा, तेलाची भोकं झाकली जाणार नाहीत एवढं पाहून. जागा नसेल तर शाफ्टवर चढवायची पातळ स्लीव्ह मिळते. तिची भिंत ०.२८ मिमीच्या आसपास असते, त्यामुळे सीलचं माप बदलत नाही. एमरीने घासताना पट्टी शाफ्टभोवती सरळ धरा. ती आडवी सरकवत घासली तर स्क्रूच्या आट्यासारखे ओरखडे पडतात आणि तेच तेल बाहेर ढकलतात.

एवढं करूनही सगळीकडून तेल झिरपत असेल तर सील बदलण्याआधी क्रँककेसचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारा मार्ग) उघडून पाहा. तो चोंदला की आतला दाब सगळ्यात कमजोर सांध्यातून वाट काढतो.

पत्राकाम

दारं-काचांकडे येतो. दाराचं रबर निवडताना जुन्या रबराची जाडी पाहू नका, ते चपटं झालेलं असतं. काठावर दर २० सेमीवर मळलेल्या प्लॅस्टिसिनचे गोळे चिकटवा, पातळ प्लास्टिक मध्ये ठेवून दार पूर्ण बंद करा, उघडून प्रत्येक गोळ्याची जाडी मोजा. बिजागरीकडे ६ आणि कुलपाकडे १० मिमी आली तर आधी दार बिजागरीवर सरळ करा, रबराने ती चूक झाकू नका. मग बंद पेशींच्या ईपीडीएम स्पंजची अशी पोकळ पट्टी घ्या, जी बंद दारात साधारण तिसरा हिस्सा दबेल. अर्धी दबली तर दार आपटावं लागतं.

लावताना पट्टी अजिबात ओढायची नाही. ताणून लावलेलं रबर काही दिवसांत मूळ लांबीवर येतं आणि जोडाजवळ फट पडते. उलट शेवटी ३-४ मिमी जास्त ठेवून टोकं एकमेकांवर दाबा. जोड दाराच्या खालच्या काठावर. तपासायला कागदाची पट्टी दारात धरून ओढा, सगळीकडे सारखा अडसर जाणवला पाहिजे.

पुढच्या काचेचं रबर भरीव, दोन खोबणींचं. आधी ते काचेवर चढवायचं, मग बाहेरच्या, पत्र्याच्या खोबणीत ४-५ मिमीची गुळगुळीत दोरी सगळीकडून भरून दोन्ही टोकं आत, खालच्या मध्यावर एकमेकांवर ओलांडून ठेवायची. साबणाचं पाणी लावून एकजण बाहेरून तळव्याने दाबतो, दुसरा आतून दोरी हळूहळू ओढतो, ओठ पत्र्यावर उलटत जातो. कोपऱ्यात घाई केली की ओठ फाटतो.

टॅपेट

मागच्या काचेच्या रबराचे दोन कोपरे घडीव आहेत, सरळ पट्टी तिथे चुणी धरते. पेडलचं रबर आणि तारांचे ग्रोमेटही हवेत. साचा करून ओतता येतील का?

पत्राकाम

येतील. दोन भागांचं पॉलियुरेथेन, शोर ए (रबराच्या कडकपणाचं माप) ६० च्या आसपास, पेडल आणि ग्रोमेटला योग्य. कोपऱ्यासाठी त्याहून थोडं मऊ घ्या. फक्त साच्याच्या सिलिकॉनची निवड नीट करा. जुन्या रबरात गंधक असतं आणि प्लॅटिनमवर पिकणारं सिलिकॉन गंधकाला लागलं की तिथे चिकटच राहतं. म्हणून टिनवर पिकणारं सिलिकॉन घ्या, किंवा नमुन्यावर आधी लॅकरचे दोन पातळ हात द्या आणि एका टोकाला थोडं सिलिकॉन लावून ते पिकतं का ते पाहा. नमुन्यातल्या भेगा आधी मेणाने भरा, साचा त्याही हुबेहूब उचलतो.

पॉलियुरेथेन वजनाने मोजा, आकारमानाने नाही. हवेतला दमटपणा त्यात शिरला की बुडबुडे येतात, तेव्हा डबा उघडल्यावर लगेच बंद करा आणि साचा कोरडा ठेवा. ओतताना एकाच कोपऱ्यातून बारीक धार सोडा, हवा दुसऱ्या कोपऱ्यातून निघू द्या. काचेच्या कोपऱ्याला दोन्ही बाजूंनी ४०-५० मिमी सरळ भाग जोडूनच ओता. जोड वळणावर न येता सरळ भागात येतो आणि तो सरळच काटकोनात कापून सायनोअॅक्रिलेटने चिकटवता येतो. पॉलियुरेथेन आणि ईपीडीएम एकमेकांना सहज चिकटत नाहीत, तेव्हा दोन्ही टोकं खरखरीत पेपरने घासा, अल्कोहोलने पुसा, ईपीडीएमच्या बाजूला प्राइमर लावा आणि आधी टाकाऊ तुकड्यावर जोडून, दुसऱ्या दिवशी दोन्ही हातांनी ओढून पाहा.